हरलो म्हणा, मग उघडते

माझी थोरली बहीण नामांची क्रियापदं करायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या वऱ्हाडात माणूस काम करतो असं म्हणत नाहीत, तो काम 'करून राहिला' असतो. ताईनं त्या 'राहिला'च्या आधी वाटेल ते आणून बसवलं. शेजारचे काका न विचारता उपदेश करायला लागले की ती हळूच म्हणायची, "पाह्य, कसे मास्तरून राहिले." कुणाचा नवा जावई सोफ्यावर ऐसपैस बसून चहाची वाट पाहत असला की तो 'जावयून राहिला'. मांजर उन्हात पाय ताणून पडलं की ते 'रविवारून राहिलं'. लग्न होऊन ती अकोल्याला गेली, नवरा वकील मिळाला, आणि त्या बिचाऱ्याचं घरातलं निम्मं बोलणं 'वकिलून राहणं' ठरलं. भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगायलासुद्धा भाऊजी आधी पार्श्वभूमी मांडायचे. ताई भाकरी थापता थापता म्हणायची, "वकिलून नका राहू. मीठ घ्या."

लेखिका मी झाले, ती झाली नाही. हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी अमरावतीत राहते, पेपरात सदर लिहिते, अधूनमधून पुस्तक येतं. शब्दांशी खेळायची खोड मला आहे आणि त्या खोडीवरच माझं बरंचसं लेखन उभं आहे. एकदा एका दिवाळी अंकासाठी मी एकही विशेषण न वापरता आख्खा लेख लिहिला. संपादकांनी तो 'सुंदर, आगळावेगळा, वाचनीय' अशी तीन विशेषणं वर लावून छापला. दुसऱ्या एका लेखात एका लग्नाचं वर्णन नुसत्या केवलप्रयोगी अव्ययांत केलं होतं: अगंबाई, वा, अय्या, शी, अरेरे. लोकांना आवडलं. पुण्याहून पत्रंसुद्धा आली. ताईनं वाचून दुपारी फोन केला. रोज दुपारी भांडी झाली की तिचा फोन यायचाच. म्हणाली, "चांगलं हाय. पण तू लिवून नाई राहिली, तू लेखिकून राहिली." मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. नंतर लेख पुन्हा वाचला तेव्हा तिचं म्हणणं खरं निघालं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

या खेळाची सुरुवात शाळेत झालेली नाही. शाळेत शब्दांच्या जाती पाठ करून घेत आणि चुकलं की हातावर पट्टी बसे. आम्हा दोघींचं व्याकरण सुरू झालं ते आईच्या स्टीलच्या डब्यात.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्या घरी भुलाबाई बसायची ती कोजागिरीला उठायची. मातीची भुलाबाई, शेजारी मातीचा भुलोजी. संध्याकाळ झाली की गल्लीतल्या पोट्ट्या टिपऱ्या घेऊन यायच्या, गाणी म्हणायच्या आणि गाणी संपली की सगळ्या जणी ज्याच्यासाठी आलेल्या असायच्या ते सुरू व्हायचं. खिरापत. म्हणजे प्रसादाचा खाऊच, पण तो सरळ हातावर ठेवायचा नसतो. घरच्या बाईनं तो डब्यात झाकून आणायचा आणि पोरींनी ओळखायचा. गोड का तिखट? ओली का कोरडी? झाडाची का भट्टीतली? डबा हलवला तर वाजते का? बाईनं उत्तरं द्यायची. ओळखता आली तर आरडाओरडा. नाहीच आली तर सगळ्यांनी मिळून 'हरलो' म्हणायचं, मग झाकण उघडायचं आणि हातावर हात मारत सगळ्यांना वाटायचं.

आमची आई एरवी गरीब गाय. पण त्या महिन्यात तिच्या अंगात कपट यायचं. बाकीच्या घरी लाह्या, फुटाणे, केळी. आमच्याकडे कधी उकडलेले शिंगाडे, कधी कवठाचा गर, कधी नुसते भाजलेले चिंचोके. ताईला आणि मला त्या दिवसांत दुपारपासून स्वयंपाकघरात यायला बंदी असे, म्हणजे आम्हालाही ओळखावंच लागायचं. घरच्यांनी खिरापत आधी चाखली तर ती उष्टी होते, असं आई म्हणायची. आणखीही काही नेम तिचे होते. रिकामा डबा झाकायचा नाही. उत्तर वाकडं दिलेलं चालतं, खोटं दिलेलं चालत नाही, कारण भुलाबाई समोर बसलेली असते. पोरी रडकुंडीला आल्या, आता सांग म्हणून तिच्या पदराला लोंबकळल्या, तरी ती हसून एवढंच म्हणायची, "हरलो म्हणा, मग उघडते."

ताईनं तो शब्द कधी उच्चारला नाही. बाकीच्या म्हणायच्या, मीही म्हणायचे, भूक लागलेली असायची. ताई ओठ घट्ट मिटून उभी राहायची.

एकदा आईनं कमाल केली. आमच्याकडे तेव्हा फ्रिज नव्हता, समोरच्यांकडे आला होता. तिनं तिथून बर्फ मागून आणला आणि डब्यात टाकला. गोड? नाही. तिखट, आंबट, खारट, तुरट? नाही, नाही, नाही, नाही. वाजते? आईनं डबा हलवला, खडखड वाजला. दातानं तुटते? हो. पोरी हटेनात, आई हटेना. शेवटी सगळ्यांनी 'हरलो' म्हटलं आणि झाकण उघडलं तर आत पाणी. त्या दिवशी आमच्या ओट्यावर बंड झालं. त्यात पुढे होती ताई. कमरेवर हात ठेवून ती आईला म्हणाली, "मंघा काय होतं ते नको सांगू. आत्ता डब्यात काय हाय त्याचं उत्तर देत जाय." आईनं हसत कान धरले आणि सगळ्यांना त्याच पाण्याचं सरबत करून दिलं.

पुढे मी लिहायला लागले तेव्हा लोक विचारायचे, हे कुठून सुचतं. मी काहीबाही सांगायचे. सरळ उत्तर असं की मी डबा झाकते. नाम आत ठेवते आणि विशेषणांना दारात उभं करते. त्यांनी विचारत बसावं, वाचकानं ऐकत राहावं, आणि नाम शेवटी बाहेर काढावं. आईची करामत मी आयुष्यभर वापरली आणि तिच्यावर मानधन घेतलं. ताई मात्र पहिल्या परिच्छेदातच ओळखायची. "अवं, हे तर आपल्या मामीवर लिवलं हाय," असा फोन यायचा.

गेल्या वर्षी आखाडात तिचं जेवण कमी झालं. पाठ दुखते म्हणायची, घास उतरत नाही म्हणायची. भाऊजींनी अकोल्यात दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. नागपूरहून परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ताई झोपली होती. भाऊजी मला गॅलरीत घेऊन गेले, दार लोटलं आणि बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत सांगितलं. कॅन्सर. स्वादुपिंडाचा. पसरलेला आहे, ऑपरेशन होत नाही, आता दुखणं कमी ठेवायचं एवढंच. त्या दिवशी ते एकदाही वकिलून राहिले नाहीत. सरळ चार वाक्यं बोलले आणि मग म्हणाले, "तिले सांगायचं नाही. तिनं धीर सोडला तर मी काय करू?"

भाचा पुण्यात नोकरीला. तो व्हिडिओ कॉलवर होता, आवाज बसलेला. मला म्हणाला, "मावशी, तू तर शब्दांची माणूस. याला एखादं साधं नाव दे ना, आईला सांगण्यासारखं." मी गॅलरीतल्या खुर्चीवर बसून राहिले. ज्या बाईला मांजराच्या जांभईवर अर्धं पान सुचतं तिला एक शब्द सुचेना. शेवटी भाऊजींनीच आणला. सूज. स्वादुपिंडाला सूज आहे, औषधानं उतरते. ताईला उठल्यावर तसं सांगितलं. तिनं आमच्या तिघांच्या, म्हणजे आमच्या दोघांच्या आणि फोनमधल्या पोराच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "सूज? बरं," म्हणाली.

भाऊजींनी वाईट हेतूनं काही केलं असं कुणी म्हणू नये. जन्मात ज्यांनी चहाचं आधण ठेवलं नव्हतं ते कोर्टातून आल्यावर तिच्यापाशी बसून डाळिंब सोलायचे. पांढरी साल दाण्याला राहू नये म्हणून चष्मा लावून सोलायचे. ती दोन दाणे खायची, बाकीची वाटी तशीच राहायची.

मी दर आठवड्याला अकोल्याला जायला लागले. जाईन तेव्हा त्या घरातलं एखादं नाम कमी झालेलं असायचं. रिपोर्टला कुणी रिपोर्ट म्हणेना. "ते आले का?" "ते उद्या येतात." नागपूरला नागपूर म्हणेनात, "तिकडं कधी जायचं?" गोळ्यांचं नाव निघेना, "तिची ती दिली का?" सर्वनाम हे नामाऐवजी येतं, असं शाळेत शिकवतात. नाम कुठे जातं ते शिकवत नाहीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायचे आणि मला चीड यायची, भाऊजींची नाही, माझीही नाही, कुणाची ते कळायचं नाही. ती चीडही मी तशीच बिननावाच्या 'त्या'वर काढायचे.

सुरुवातीला ताई अजून खेळत होती. फोनवर मैत्रिणीला सांगायची, "काई नाई वं, सध्या पेशंटून राहिली." कुणी भेटायला येऊन तोंड पाडून बसलं की ते गेल्यावर म्हणायची, "आत्ताच तेरवून राहिली हे बाई." तेरवीचं, म्हणजे तेराव्याचं, जेवण आधीच जेवायला आल्यासारखी. मी हसायचे आणि कपबशा उचलून आत जायचे. पुढे पुढे ते थांबलं. आता ती साधी वाक्यं बोलायला लागली. पाणी दे. पंखा कमी कर. उशी सरकव. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मला त्या वाक्यांची फार भीती वाटायची.

भुलाबाईचे दिवस आले. अकोल्याच्या त्यांच्या अपार्टमेंटमध्ये भुलाबाई कुणी बसवत नाही. पोरी आहेत, पण त्यांना क्लास असतात. ताई फोनवर म्हणाली, "येशीन तं भुलाबाई घेऊन येजो." बरेच दिवसांत तिनं काही मागितलं नव्हतं. मी अमरावतीच्या बाजारातून जोडी घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. मूर्तिजापूरला शेजारी एक बाई येऊन बसली. टॉवेलातून भुलाबाईचं नाक बाहेर आलेलं पाहून तिनं विचारलं, "घरी लहान पोट्टी हाय का?" मी हो म्हटलं.

ताईच्या पलंगासमोर स्टुलावर मी भुलाबाई मांडली. भाऊजी कोर्टात होते. दुपार होती. एके काळी याच वेळी तिचा फोन यायचा. तिनं उशीला टेकून भुलाबाईकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाने राहू दे, दम नाई. खिरापत आन. झाकून."

घरात काय असणार? मी डब्यात मूठभर मुरमुरे टाकले, झाकण लावलं, नेऊन तिच्यासमोर धरला. तिनं नुसता हलवला.

"मुरमुरे," ती म्हणाली. "आईची पोरगी म्हनवते अन् मुरमुरे ठेवते. लाज वाट्टे मले."

दोघी हसलो. मग तिनं झाकण काढलं, मुरमुरे ताटलीत ओतले, झाकण परत लावलं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

"आता दुसरी," म्हणाली.

"काय ठेवू?"

"ठेवाचं काई नाई. ठेवलेलीच हाय. तुमी सगळ्याइनं मिळून ठेवली. मी विचारतो, तू सांग."

ती स्वतःबद्दल कधी कधी पुरुषासारखं 'विचारतो' म्हणायची, आमच्या आजोळचं वळण. मी उठायला लागले. तिनं माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी मला सोडवता आलं नाही.

"भुलाबाई समोर हाय," ती म्हणाली. "गोड का कडू?"

"ताई, नको ना."

"गोड का कडू?"

"कडू," मी म्हटलं.

"माह्या पोटातली हाय?"

"हो."

"सूज हाय?"

वाकडं उत्तर चालतं. मी शोधलं. शब्दांत आयुष्य काढलेल्या बाईनं जेवढं शोधावं तेवढं शोधलं. "सूज पण आहे," मी म्हटलं.

ती हसली. "आईवानी उत्तर देऊन राहिली. सूज पन हाय, म्हंजे खिरापत सूज नोहे. बराबर?"

"बरोबर."

"औषधानं उतरते?"

"नागपूरचे डॉक्टर आधी म्हणत होते की..."

"मंघा काय होतं ते नको," ती म्हणाली. "आत्ता डब्यात काय हाय ते सांग."

"नाही उतरत."

"कापून निघते?"

"नाही."

"पोट्ट्याले मालूम हाय?"

पोट्टा म्हणजे तिचा मुलगा, तिशीतला, चष्मा लागलेला. मी हो म्हटलं.

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"रडला?"

"हो."

तोपर्यंतचे सगळे प्रश्न तिनं माझ्याकडे पाहत विचारले होते. या उत्तरानंतर तिनं तोंड भिंतीकडे केलं. "एकलाच रडला थो तिकडं," ती भिंतीला म्हणाली. तिच्या पाठीवर हात ठेवला तर मणका न् मणका हाताला लागत होता. मी हात तसाच ठेवला.

मग ती वळली आणि म्हणाली, "हरली मी. उघड."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तू नाही हरलीस, तुला सगळं..."

"मले काय मालूम हाय अन् काय नाई ते मी पाहीन. हरली म्हटलं ना? आता तुले उघडाच लागते."

तेव्हा मला समजलं की तिला उत्तर नको होतं, ते तिला कधीचंच माहीत होतं. तिला ते आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. त्यासाठी आयुष्यात पहिल्यांदा ती हरली म्हणाली होती. मी झाकण काढलं. ते हातातून निसटून फरशीवर फिरत राहिलं आणि ते थांबेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे पाहत होतो. मग मी तो शब्द म्हटला. कर्करोग नाही म्हटलं, तो शब्द आमच्याकडे फक्त पेपरात असतो. कॅन्सर म्हटलं. कुठला तेही सांगितलं, पसरल्याचंही सांगितलं. एकही विशेषण लावलं नाही.

ताईनं डबा माझ्या हातातून घेतला. तळाला एक मुरमुरा चिकटून राहिला होता. तो तिनं बोटानं काढून तोंडात टाकला.

"खिरापत घरच्याइनं आधी खायाची नसते," ती म्हणाली. "आई काय म्हने? अन् तुमी तिघं इतके दिवस खाऊन राहिले. मले सोडून."

"कडू होती गं," मी म्हटलं.

"मंग? वाट्याले आली तं कडू पन खा लागते. माही होती अन् मलेच नाई देल्ली." आणि मग ती रडली. मी पण रडले. नागपूरच्या रिपोर्टनंतर मी बसमध्ये रडले होते, न्हाणीघरात नळ सोडून रडले होते, तिच्याजवळ बसून पहिल्यांदाच रडले. खरं सांगायचं तर त्या रडण्यात सुख होतं.

संध्याकाळी भाऊजी आले. बूट काढता काढता त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "तिची ती दिली का दुपारची?"

"कॅन्सरची गोळी ना?" ताई आतून म्हणाली. "देल्ली तिनं."

भाऊजी एक बूट हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं रागावतील. ते तिच्या पलंगापाशी गेले, बूट हातातच, आणि बोलायला लागले, की बघ, मेडिकल सायन्समध्ये दोन मतं असतात, पहिला मुद्दा असा की. ताईनं मुरमुऱ्यांची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"वकिलून नका राहू," ती म्हणाली. "रडा."

किती आठवड्यांनी ते क्रियापद मी ऐकत होते. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले आणि मुठीत मुरमुरे धरून रडले. ती त्यांच्या गुडघ्यावर थोपटत होती. मग तिनं मुलाला फोन लावायला सांगितला. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले.

त्यानंतर त्या घरात नामं परत आली. नागपूरला नागपूर म्हणायला लागले, गोळीला गोळी. पोरगा महिनाभर अकोल्यात येऊन राहिला आणि तिच्याच खोलीत खाली गादी टाकून झोपायचा. एखादा दिवस फार वाईट गेला की ताई फोनवर म्हणायची, "आज लय कॅन्सरून राहिली, उद्या बोलू." असं काही ऐकून कुणाला बरं वाटेल का? मला वाटायचं. संक्रांतीच्या आधी ती गेली. शेवटचे दोन दिवस बोलणं बंद होतं, पण त्याआधी तिचं बोलायचं काही राहिलं नव्हतं, असं भाऊजी म्हणतात.

तेव्हापासून माझं लिहिणं बसलं आहे. सदर मी बंद केलं. संपादक म्हणतात, बाई, एखादा जुन्या धाटणीचा लेख द्या, शब्दांच्या गमतीचा. मी बसते. नाम झाकायला घेतलं की हात थांबतो. पहिल्या परिच्छेदात ओळखणारी नाही, तर झाकायचं कुणासाठी? हे जे लिहिते आहे तेही मी सरळच लिहिते आहे, आधी काय झालं, मग काय झालं.

यंदा कोजागिरीला दुपारी फोन वाजला. भांडी झाल्यानंतरची ती वेळ. पडद्यावर तिचंच नाव आलं, कारण भाऊजींनी तिचा नंबर अजून चालू ठेवला आहे. क्षणभर मला काहीच समजेना.

"मी डबा झाकला," भाऊजी म्हणाले.

"कुठला डबा?"

"तुमचा तो. खिरापतीचा." ते अडखळत होते. कोर्टात कधी अडखळले नसतील. "आज तिनं केलं असतं ना काहीतरी. म्हटलं आपण करावं. विचार."

मी खुर्ची ओढून बसले. "गोड का तिखट?"

"नाही."

"भाऊजी, नाही म्हणजे काय? दोन्हींतलं एक सांगायचं असतं."

"दोन्ही नाही."

"ओली का कोरडी?"

"कोरडी असेल."

"वाजते?"

त्यांनी डबा फोनजवळ हलवला असणार. काही ऐकू आलं नाही. "बर्फ तर नाही ना?" मी विचारलं. त्यांना ती गोष्ट ताईनं शंभरदा सांगितलेली. ते हसले, नाही म्हणाले. तेवढ्यात मला समजलं की डब्यात काय आहे. तरी मी विचारत राहिले. झाडाची का? शेतातली का? दुकानातली? ते प्रत्येकाला नाही म्हणत राहिले, हळू आवाजात, नेमानं. मी थांबले असते तर त्यांना फोन ठेवावा लागला असता.

मग माझ्याकडचे प्रश्न संपले. "हरले," मी म्हटलं. "उघडा."

झाकण निघाल्याचा आवाज आला.

"काहीच नाही याच्यात," भाऊजी म्हणाले. "स्वयंपाकघरात किती वेळ उभा होतो. काय ठेवावं ते समजलंच नाही मले."

रिकामा डबा झाकायचा नाही, हा आईचा नेम मी त्यांना सांगितला नाही.

"मग तेच वाटा," मी म्हटलं. "अर्धं मला द्या."

ते हो म्हणाले. मग कितीतरी वेळ आम्ही दोघं फोन धरून बसलो, ते अकोल्यात, मी अमरावतीत.